ब्रिस्टॉलच्या वेशीवरचं ब्रॅडली स्टोक : घर बघताना काय काय तपासायचं?

गवतीचहा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलजवळ फिल्टन, ॲझ्टेक वेस्ट किंवा ॲबी वूडला नोकरी लागली की पहिलं घर बीएस३२ (ब्रॅडली स्टोक परिसराचा पोस्टकोड) मध्ये शोधायचं, हा आता रिवाजच झाला आहे. त्यावरची माहिती मात्र दहा धाग्यांत विखुरली आहे, म्हणून हा एकच धागा. भाड्याने राहणारे आणि विकत घेणारे, दोघांसाठी. अनुभवकथन नको, उपयोगी पडेल असं लिहा.

सुरुवात भूगोलापासून. ब्रॅडली स्टोक ब्रिस्टॉलला चिकटलेलं आहे, पण ब्रिस्टॉलमध्ये नाही. कौन्सिल साउथ ग्लॉस्टरशायर, शिवाय गावाची स्वतःची टाउन कौन्सिल. कौन्सिल टॅक्स, कचरा, शाळाप्रवेश, बांधकाम परवानगी हे सगळं साउथ ग्लॉस्टरशायरकडे. ब्रिस्टॉल सिटीच्या साइटवर फॉर्म भरत बसू नका.

बांधकाम १९८७ मध्ये सुरू झालं, म्हणजे घरांचे भाव चढलेले असताना. दोन-तीन वर्षांत व्याजदर १५ टक्क्यांच्या घरात गेले, भाव पडले आणि घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त अशी गत झाली. 'सॅडली ब्रोक' हे टोपणनाव तेव्हाचं. खरं नाव ब्रॅडली ब्रुक आणि स्टोक ब्रुक या दोन ओढ्यांवरून आलंय. आज या इतिहासाचा उपयोग एवढाच की बहुतेक घरं एकाच पिढीची आहेत. १९८० च्या अखेरीपासून पुढची, वेगवेगळ्या बिल्डरांची, छोट्या प्लॉटवरची. त्यामुळे त्यांची दुखणीही सारखीच.

रचना अशी: ब्रॅडली स्टोक वे हा कणा आणि त्याला फुटलेल्या, पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या. नकाशावर शेजारी दिसणारी दोन घरं गाडीने दीड-दोन किलोमीटर लांब पडू शकतात, आणि त्यांच्यामधून जाणारी पायवाट तीन मिनिटांची असते. घर बघायला जाल तेव्हा गाडी लावून पायवाटा चाला. शाळा, टेस्को, बसथांबा यांचं खरं अंतर तेच. थ्री ब्रुक्स निसर्गराखीव गावाच्या मधोमध आहे. त्याच्या कडेच्या घरांना मागे झाडी मिळते, पण हिवाळ्यात त्या वाटांवर चिखल आणि अंधार असतो. रोजची वाट तिथून धरणार असाल तर चार वाजता मावळणारा सूर्य लक्षात ठेवा.

उत्तरेला एम ४, पश्चिमेला एम ५, दक्षिणेला रेल्वे. या तिन्हींचा आवाज वाऱ्यावर ठरतो. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, तो एम ४ चा आवाज गावापासून दूर ढकलतो. त्यामुळे उत्तरेकडचं घर अशा वादळी दुपारी बघितलं तर शांत वाटेल. कोरड्या, थंड, उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा जाऊन उभे राहा.

पाटावरवंटा

घराच्या हाडांबद्दल लिहितो.

बाहेरच्या भिंती दोन थरांच्या: बाहेर वीट, आत ब्लॉक, मध्ये पोकळी. आतल्या ब्लॉकवर बऱ्याच ठिकाणी प्लास्टरऐवजी गोळे लावून चिकटवलेला प्लास्टरबोर्ड असतो. बोर्ड आणि ब्लॉक यांच्यात एक-दोन सेंटिमीटरची फट. साधा छोटा प्लग मारलात तर तो फक्त बोर्डात बसतो आणि फळी महिन्याभरात वाकते. लांब स्क्रू आणि प्लग ब्लॉकमध्ये निदान ५० मि.मी. शिरला पाहिजे.

आतल्या पार्टिशनच्या भिंती त्याहून नाजूक. काही घरांत 'पॅरामाउंट' नावाचं पॅनल सापडतं: दोन पातळ बोर्ड आणि मध्ये पुठ्ठ्याची जाळी, अंड्यांच्या ट्रेसारखी. लाकडी पट्टी फक्त पॅनलच्या जोडावर, त्यामुळे स्टड-फाइंडर घेऊन शोधत बसलात तरी ४०० किंवा ६०० मि.मी.वर काही मिळत नाही. अशा भिंतीवर टीव्ही टांगणं टाळा.

माळा. छत कारखान्यात बनवलेल्या पातळ ट्रसचं (त्रिकोणी लाकडी सांगाड्यांचं) आहे. खालची आडवी लाकडं जेमतेम ३५ मि.मी. जाडीची, आणि हिशेब धरलेला असतो चौरस मीटरला २५ किलोचा. रिकाम्या बॅगा, दिवाळीचे कंदील ठीक. पुस्तकांची खोकी नकोत. ट्रसचं एकही लाकूड कापायचं नाही, मग ते कितीही डोक्याला लागो. 'माळ्यावर खोली काढू' हा बेत व्हिक्टोरियन घरापेक्षा इथे बराच महाग पडतो, कारण स्टीलचे बीम घालून सगळा भार नव्याने वाहावा लागतो.

इन्सुलेशन मोजा. जुनं तसंच असेल तर १०० मि.मी.च्या आसपास निघेल, आज २७० मि.मी. अपेक्षित धरतात. त्यावर थेट फळ्या ठोकून ते दाबलेलं असेल तर असून नसल्यासारखं. फळ्या उंच पायांवर हव्यात.

गॅरेज: दाराची रुंदी साधारण २.१ मीटर, आत अडीचच्या खाली. आजची मध्यम एसयूव्ही आरशांसकट तेवढीच भरते. गाडी आत गेली तरी दार उघडून बाहेर पडता येणार नाही. म्हणून सगळ्यांची गॅरेजं अडगळीची खोली आणि सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर. पार्किंग बघायचं तर रविवारी रात्री नऊला बघा, मंगळवारी दुपारी गल्ली रिकामीच दिसणार.

चिंचगूळ

+१ पार्किंगला. त्यात एक भर: एकामागे एक दोन गाड्यांची जागा असेल तर जाहिरातीत 'दोन गाड्यांची सोय' म्हणतात. दोघे वेगवेगळ्या वेळी कामावर जात असाल तर रोज किल्ल्यांची देवाणघेवाण.

इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर गॅरेज घराला जोडलेलं आहे की मागे रांगेत आहे ते पाहा. रांगेतल्या गॅरेजना बहुधा वीजच नसते. घराशेजारी ड्राइव्हवे असेल तरच ७ किलोवॉटचा चार्जर सरळ बसतो.

सांजवेळ

नमस्कार. आम्ही पुण्याहून येतोय, मुलगी साडेचार वर्षांची. आधी भाड्याने घर घेणार. शाळेसमोरचंच घर घेतलं तर प्रवेश नक्की मिळतो ना?

मोरपंखी

नाही. हा गैरसमज मुळातच काढून टाका.

रिसेप्शन (पहिलीच्या आधीचं शाळेचं वर्ष), पहिली आणि दुसरी या वर्गांना कायद्याने एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा आहे. तीस भरली की शाळा एकतिसावं मूल सहसा घेत नाही. अपवाद आहेत, पण 'आम्ही समोरच राहतो' हा त्यात बसत नाही. अंतराला किंमत आहे ती वेळेत केलेल्या अर्जात. रिसेप्शनचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, निकाल १६ एप्रिलला. माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, निकाल १ मार्चला. त्यानंतर येणारे उरलेल्या जागांवर.

तुम्ही शालेय वर्षाच्या मध्ये येत असाल तर तुमचा अर्ज 'इन-इयर' प्रकारात जाईल. क्रम असा ठेवा:

घर पक्कं करायच्या आधीच आसपासच्या चार-पाच प्राथमिक शाळांच्या ऑफिसला फोन करून 'या इयत्तेत जागा आहे का' एवढंच विचारा. ते सांगतात. जिथे जागा आहे तिथून पायी अंतरावर घर शोधा. भाडेकराराची सही झालेली प्रत हाच पत्त्याचा पुरावा, त्यामुळे सहीच्या दिवशीच अर्ज टाका. आवडत्या शाळेत जागा नसेल तर दुसरीकडे प्रवेश घेऊन त्या आवडत्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवता येतं. यादी 'आधी आला त्याला आधी' अशी चालत नाही, निकषांवर चालते. उद्या कोणी तुमच्याहून जवळ राहायला आलं तर तुम्ही खाली सरकता.

दोन मुलं असतील तर दोघांना एकाच शाळेत जागा आहे का हे वेगवेगळं विचारा. धाकट्याला मिळाली आणि मोठ्याला नाही, हे नेहमी होतं. सकाळी पावणेनऊला दोन शाळांच्या दारात एकाच वेळी उभं राहता येत नाही.

गवतीचहा

@सांजवेळ, भाड्याबद्दल थोडक्यात. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या खाली असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं. घर धरून ठेवायची रक्कम एक आठवड्याची. 'रेफरन्सिंग फी', 'ॲडमिन फी' असलं काही १ जून २०१९ पासून मागता येत नाही. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवं आणि त्याचे कागद तुमच्या हातात.

इथे क्रेडिट इतिहास नसतो म्हणून भारतातून येणारे सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन घर मिळवत. ती वाट १ मे २०२६ पासून बंद झाली. एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. त्यामुळे कंपनीचं नेमणूकपत्र आणि पगाराचा आकडा, शक्य असल्यास इथला हमीदार, हे तयार ठेवा. कौन्सिल टॅक्स भाडेकरूच भरतो, तो भाड्यात धरलेला नसतो. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

हिवाळीपाऊस

या घरांचं सर्वांत मोठं दुखणं अजून कोणी काढलं नाही: ओल. आणि नव्वद टक्के वेळा ती बाहेरून आलेली नसते, आपणच आत तयार केलेली असते. (नव्वद हा माझा अंदाज, मोजायला गेलेलो नाही.)

गणित समजून घ्या म्हणजे उपाय पाठ करावे लागत नाहीत. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ अंशांवर येतो. ज्या पृष्ठभागाचं तापमान १२ च्या खाली, तिथे पाणी सुटणार, म्हणजे खिडकीची कडा. पण बुरशीला पाणी सुटायची गरज नसते. पृष्ठभागालगत आर्द्रता ८० टक्के झाली की ती धरते, आणि वरच्या खोलीत ते साडेपंधरा अंशांच्या पृष्ठभागावर होतं. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, छत आणि भिंतीचा सांधा सहज तेवढे गार असतात. म्हणून खिडक्या कोरड्या आणि कपाटामागे काळं, असं दिसतं.

आता पाणी येतं कुठून? धुतलेल्या कपड्यांचं एक मशीन घरात वाळवलं की दीड-दोन लिटर हवेत. कुकर, भात, चहा, अंघोळी वेगळ्या. घर छोटं, म्हणजे तेवढंच पाणी कमी हवेत मुरतं. मोठ्या घरात चालून जाणारी सवय इथे चालत नाही ती यामुळे.

उपाय, महत्त्वाच्या क्रमाने:

खिडकीच्या वरच्या चौकटीतली झडप (ट्रिकल व्हेंट) उघडी ठेवा. 'गार वारा येतो' म्हणून लोक टेप लावतात, तिथूनच सुरुवात होते. घर बघताना झडपेवर टेपच्या खुणा दिसल्या तर कपाटं सरकवून बघा.

बाथरूमचा पंखा तपासा. नियमाने सेकंदाला १५ लिटर हवा ओढायला हवी. एक पापुद्रा टिशू जाळीला लावा, चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर पंखा धुळीने भरलाय किंवा माळ्यावरचा त्याचा पाइप निसटलाय. पाइप निसटला असेल तर सगळी वाफ माळ्यावर जाते आणि ट्रस काळे पडतात. अंघोळीनंतर पंखा २०-३० मिनिटं चालू, दार बंद.

कपडे एकाच खोलीत, दार बंद करून, डीह्युमिडिफायर लावून वाळवा. 'बारा लिटर' लिहिलेलं यंत्र ३० अंशांवर मोजलेलं असतं, तुमच्या १८ अंशांच्या खोलीत ते निम्मं काढेल. साधारण २०० वॉट खातं. युनिटला २५ पेन्स धरले तर तासाला ५ पेन्स. टम्बल ड्रायरपेक्षा पुष्कळ स्वस्त.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ सें.मी. लांब. आणि एखादी खोली 'वापरात नाही' म्हणून रेडिएटर पूर्ण बंद करू नका. बाकी घराची दमट हवा त्या गार खोलीत जाऊन तिचं पाणी सुटतं. १५-१६ अंश तरी राहू द्या.

बुरशी धरलीच असेल तर कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर होतात. बुरशीनाशक फवारा, थांबा, ओल्या फडक्याने पुसा. वरून नुसता रंग मारून दिलेलं घर वासावरून ओळखता येतं.

तपेलं

हिवाळीपाऊस यांनी घराचं सांगितलं, मी बॉयलरचं सांगतो. जवळपास सगळीकडे कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय लागेल तेव्हा पाणी गरम करणारा.

दाबाचा काटा घर थंड असताना १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. खाली गेला की गरम पाणी बंद, आणि नवखे थेट मेकॅनिक बोलावतात. बॉयलरखाली चंदेरी विणीची एक नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना झडपा. दोन्ही हळूच उघडा, काटा १.३ ला आला की दोन्ही बंद. दोन्ही. एक उघडी राहिली तर दाब चढत जातो आणि बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी टपकायला लागतं. आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा एक्स्पान्शन व्हेसल बसलंय. तिथे मेकॅनिकच हवा, आणि तो गॅस सेफ नोंदणीचा.

कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुडगुडून बंद पडला तर आधी बाहेरची पांढरी प्लॅस्टिकची बारीक नळी बघा. बाहेरून २१.५ मि.मी.ची असेल आणि भिंतीवरून लांब गेली असेल तर गोठलेली असणार. कोमट पाणी ओता. उकळतं नको, नळी तडकते आणि खाली सांडलेल्याचं काचेसारखं बर्फ होतं. मग बॉयलर रीसेट. कायमचा इलाज ३२ मि.मी. नळी आणि पाण्यात न भिजणारं वेष्टण.

रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५-८० वर ठेवलेलं असतं. ते ५५-६० वर आणा. परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर आपलं काम नीट करतो. घर तापायला वेळ लागेल, तो धरून आधी चालू करा. वेगळी गरम पाण्याची टाकी असेल तर मात्र हे जसंच्या तसं करू नका, टाकीतलं पाणी ६० ला जायलाच हवं.

भाड्याच्या घरात गॅस तपासणीचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं, आणि बॉयलर आहे त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. दोन्ही मालकाची जबाबदारी.

एकदांडी

इतकं सगळं वाचून प्रश्न पडतो की तीस-पस्तीस वर्षांचं घर घ्यावंच कशाला? शेजारी पॅचवेमध्ये चार्लटन हेज आहे, फिल्टनच्या जुन्या धावपट्टीवर ब्राबझॉन उभं राहतंय. नवं घर, जाड इन्सुलेशन, दहा वर्षांची हमी. ओल नाही, बॉयलरची कटकट नाही.

पाटावरवंटा

आणि वर्षाची पावती? नव्या वसाहतींत घर फ्रीहोल्ड (जमिनीसकट तुमच्या मालकीचं) असलं तरी बागा, खेळाचं मैदान, पावसाच्या पाण्याचं तळं, कधीकधी रस्तेसुद्धा कौन्सिलने घेतलेले नसतात. त्यांच्या देखभालीची कंपनी असते आणि तिची रक्कम दर वर्षी. कौन्सिल टॅक्स पूर्ण भरून वरून हे. लोक याला 'फ्लीसहोल्ड' म्हणतात ते उगाच नाही. ब्रॅडली स्टोकचे बहुतेक रस्ते कौन्सिलकडे गेलेले आहेत.

वकिलाला तीन गोष्टी लेखी विचारा. हस्तांतराच्या टीपी१ दस्तात 'एस्टेट रेंटचार्ज' (देखभालीच्या रकमेचा मालमत्तेवरच चढवलेला बोजा) आहे का? रकमेला वरची मर्यादा आहे का? घर विकताना कंपनीच्या दाखल्याला किती पैसे लागतात? रेंटचार्ज असेल तर १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम १२१ दस्तात वगळलंय का ते बघा. थकबाकी ४० दिवसांवर गेली की घराचा ताबा घेण्याची किंवा घर लीजवर चढवण्याची मुभा त्यात आहे. कर्ज देणारी बँक याच मुद्द्यावर अडते.

एकदांडी

रेंटचार्ज प्रत्येक नव्या घराला नसतो, नुसता करारातला खर्चाचा वाटा असतो. आणि थकवायचं कशाला? वर्षाला काहीशे पौंड विरुद्ध दर महिन्याचं हीटिंग, हिशेब मांडा. नव्या घराची खरी खोट वेगळी: पहिल्या दोन वर्षांतच बिल्डरकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या असतात. दहा वर्षांच्या हमीची पुढची आठ वर्षं मुख्यतः मोठ्या बांधकामदोषांची असतात, दार घासतंय याची नाही. ताबा घेण्याआधी स्नॅगिंग सर्व्हे (बारीकसारीक खोटांची तपासणी) करून घ्या.

मोरपंखी

दोघांचंही बरोबर असू शकतं, पण 'कोच हाउस' या प्रकाराबद्दल दोघेही गप्प. खाली तीन-चार गॅरेजं, वर दोन खोल्यांचं घर. किंमत कमी दिसते म्हणून पहिल्यांदा घेणारे भुलतात. बऱ्याचदा इमारत तुमची फ्रीहोल्ड असते आणि खालची गॅरेजं शेजाऱ्यांना ९९९ वर्षांच्या लीजवर. म्हणजे पूर्ण इमारतीचा विमा तुम्ही काढायचा, खाली कोण पेट्रोलचे डबे ठेवतंय त्यावर तुमचा ताबा नाही. जमीन गार, कारण खाली न तापवलेली जागा. काही बँका कर्जच देत नाहीत.

चिंचगूळ

घर घेऊन मागे खोली वाढवायचा विचार असेल तर: सेमी (एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामायिक) किंवा ओळीतल्या घराला मागे ३ मीटर, सुट्या घराला ४ मीटरपर्यंत एकमजली वाढ परवानगीशिवाय चालते, हे पाठ असतं सगळ्यांना. पण मूळ परवानगीतच हा हक्क काढून घेतलेला असू शकतो. कौन्सिलच्या साइटवर मूळ निर्णयपत्र उघडून अटी वाचा. 'गॅरेज वाहनासाठीच राखावे' ही अटही तिथेच सापडते. समोरच्या अंगणाला कुंपण न घालण्याची अट विक्रीच्या दस्तात असते, ती वेगळी.

मागच्या अंगणात मॅनहोलचं झाकण दिसलं तर थांबा. छोट्या प्लॉटच्या ओळीत सगळ्यांची ड्रेनेज लाइन मागून एकत्र जाते. १ ऑक्टोबर २०११ पासून अशा सामायिक लाइन पाणी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. इथे सांडपाणी वेसेक्स वॉटरकडे, पिण्याचं पाणी ब्रिस्टॉल वॉटरकडे. लाइनवर बांधायचं तर वेसेक्सची मंजुरी आधी. दुसरी बाजू चांगली आहे: सामायिक लाइन तुंबली तर खर्च तुमचा नाही, त्यांना फोन करा.

समोर फरशी घालून गाडी लावायची तर ५ चौ. मीटरच्या वर पाणी झिरपणारी फरशी हवी किंवा पाणी बागेत सोडायला हवं, नाहीतर परवानगी लागते. पदपथाची कड उतरवायला कौन्सिलची मंजुरी वेगळी.

सांजवेळ

खूपच उपयोगी. गाडी लगेच घेणार नाही. बसवर निभेल का?

हिवाळीपाऊस

नोकरी कुठे त्यावर. मेट्रोबसची एम१ क्रिब्स कॉजवेहून ब्रॅडली स्टोक, विद्यापीठ, शहराचं मध्य अशी हेनग्रोव्हपर्यंत जाते, एम ३२ वर तिला स्वतःची वाट आहे. शहरात जायला उत्तम. आडवं जायला, म्हणजे फिल्टन किंवा ॲबी वूडला, सायकल बसला हरवते. लंडनला ब्रिस्टॉल पार्कवेवरून, पॅडिंग्टन सव्वा तासाच्या आगेमागे. स्टेशन गावाच्या दक्षिणेला आहे, म्हणून दक्षिणेकडच्या घरांना भाव जास्त आणि रुळांचा आवाजही.

गाडी घ्याल तेव्हा: भारतीय परवान्यावर १२ महिने चालवता येतं, मग इथली परीक्षा. परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, त्यामुळे अकराव्या महिन्यात जागे होऊ नका. शहराच्या मध्यभागात २८ नोव्हेंबर २०२२ पासून क्लीन एअर झोन आहे, चोवीस तास. युरो ४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) च्या आधीची पेट्रोल किंवा युरो ६ च्या आधीची डिझेल गाडी असेल तर दिवसाला ९ पौंड. ब्रॅडली स्टोक झोनबाहेर आहे, साउथमीड हॉस्पिटलही. मुलांचं हॉस्पिटल मात्र झोनच्या आत. रात्री घाईत गेलात तर पैसे नंतर सहा दिवसांपर्यंत भरता येतात, विसरू नका.

शेवग्याचीशेंग

किराणा: रोजचा विलो ब्रुक सेंटरच्या मोठ्या टेस्कोत. कढीपत्ता, ताजी मेथी, इडली रवा, हरभऱ्याच्या डाळीची पाच किलोची पिशवी यासाठी ईस्टनचा सेंट मार्क्स रोड. एम ३२ च्या जंक्शन २ ला उतरलात तर झोन लागत नाही. देवळात जायचं तर रेडफील्डला. हिंदू मंदिर चर्च रोडवर आहे, पत्ता वाचून गोंधळू नका.

फोडणीबद्दल कोणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. हॉबवरच्या हुडला बाहेर जाणारा पाइप आहे का बघा. बाहेरच्या भिंतीवर झडप दिसत नसेल आणि हुडच्या माथ्याला जाळी असेल तर तो तीच हवा गाळून परत खोलीत सोडतो. त्यातला कार्बन फिल्टर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, धुऊन चालत नाही. बाहेर सोडणाऱ्या हुडला सेकंदाला ३० लिटरचा नियम आहे.

अलार्म दर फोडणीला वाजत असेल तर बॅटरी काढू नका. जिन्याखालच्या हॉलमध्ये आयोनायझेशन प्रकारचा असेल तर तो तळणीच्या बारीक कणांना फार लवकर बोंबलतो. तिथे ऑप्टिकल लावायला मालकाला सांगा. स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म हवा. आणि तळणीचं तेल सिंकमध्ये नाही. गार झालं की कागदाने टिपून अन्नकचऱ्याच्या डब्यात. चिंचगूळ यांनी सांगितलेल्या लाइन तुंबतात त्या यामुळेच.

सांजवेळ

शेवटचं विचारते. सागवानी देवघर आणतोय, चौदा किलोचं, भिंतीवर टांगायचं. चालेल?

पाटावरवंटा

पार्टिशनवर नाही. घराच्या बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूने, वर सांगितलेल्या लांब प्लगने, आणि देवघराच्या पाठीमागे भिंतीला आधी एक आडवी लाकडी पट्टी चार स्क्रूंनी, भार तिच्यावर. मागे एक-दोन सेंटिमीटर हवा खेळू द्या. पूर्व-पश्चिम जमत नसेल तर सरळ बुटक्या कपाटावर ठेवा. भाड्याचं घर असेल तर भोकं पाडायच्या आधी मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि समई अलार्मखाली येणार नाही एवढं बघा.